समुद्रात चिमूटभर चुना

दिवाळी सरली की झाडीपट्टीत गावोगाव मंडईची जत्रा भरते, आणि गोंदियाहून अर्जुनी मोरगावला जाणाऱ्या गाडीत मुंगीलाही शिरायला जागा राहत नाही. त्या गाडीत दुर्गेशला कशीबशी अर्धी सीट मिळाली. उरलेल्या सीटवर एक मुलगी काचेची बाटली कुशीत घेऊन बसली होती. मुलगी देखणी होती, पण दुर्गेशची नजर आधी बाटलीवर गेली. पणज्यानं खोदलेल्या तळ्यात मासे पाळणारा माणूस तो. पाणी दिसलं की आत काय आहे हे कळल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

“काय होय जी ह्या बाटलीत?”

“समुद्र.”

“एवढुसाच?”

“मावला तेवढा आणला.” ती खिडकीकडे तोंड फिरवून हसली... पण काचेत त्याला ते दिसलंच.

नाव रेणू. अर्जुनीचीच, पण गोव्यात समुद्राचं संशोधन करणारी. बाटलीत डोळ्यांना न दिसणारं शैवाल होतं. एकाच पेशीचं, उन्हावर जगणारं, आणि अंगाभोवती चुन्याच्या चकत्यांचं चिलखत बांधणारं. तिनं मोबाइलवर फोटो दाखवला. एकेक चकती नक्षी कोरल्यासारखी.

“एवढुशा जिवाले एवढी नक्षी कायले लागते?”

“पक्कं कोणालेच माहीत नाही जी. कोणी म्हणते खाणाऱ्यापासून वाचाले, कोणी म्हणते कडक उन्हापासून. मी तेच शोधून राहिली.”

‘माहीत नाही’ म्हणताना तिचे डोळे लुकलुकले. दुर्गेशला ती तिथंच आवडली.

सुट्टीत प्रयोगशाळेतला एसी बंद पडून तिच्या बाकी बाटल्यांतलं शैवाल मेलं होतं. वाण एवढाच उरला होता, म्हणून ती तो सोबत घेऊन आली होती. गाड्या-कारखान्यांच्या धुरानं समुद्र हळूहळू आंबट होतोय. त्यात या चिलखतांचं काय होणार, हे तिला तपासायचं होतं. हा वाण मेला तर सारी मेहनत मातीत. आणि घरी तर पाहुण्यांची रीघ.

“आमच्या मासोळी संस्थेच्या खोलीत ठेवा,” दुर्गेश म्हणाला. “थंडावा आहे, ट्यूबलाइट आहे. मासोळीचं बीज सांभाळतो, हे नाही सांभाळणार का?”

मग रेणू रोज तळ्याकाठच्या त्या खोलीत येऊ लागली. ‘तुमी’चं ‘तू’ कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

“बाटली पाहाले येतेस का मले?” त्यानं एकदा विचारलंच.

“बाटलीच पाहाले,” ती म्हणाली. आणि जरा थांबून — “तू मधात येतोस, तर मी का करू?”

मंडईला ती मामाच्या गावी गेली आणि इकडे बाटलीतलं पाणी दुधासारखं झालं. दुर्गेशला वाटलं, पाणी बिघडलं. तळ्याचं पाणी आंबट झालं, मासे वर येऊन तोंड उघडू लागले की चुना टाकायचा, हे तो लहानपणापासून पाहत आलेला. त्यात हे जीव चुन्याचंच चिलखत बांधणारे. चुना संपला असेल बिचाऱ्यांचा! त्यानं मायेनं चिमूटभर टाकला.

रेणू परतली तेव्हा बाटलीच्या तळाशी नुसता पांढरा साका होता.

“मेले,” ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले. “मीच सोडून जाले नको होतं. मंडई कायले पाहिजे होती मले...”

गप्प राहिलं असतं तर निभावलं असतं. खरं सांगितलं तर ही पुन्हा या खोलीची पायरी चढणार नाही, हेही दुर्गेशला दिसत होतं.

“तुही चूक नाही, रेणू... चुना टाकलो मी. पाणी दुधासारखं झालं म्हणून—”

“अगा, ते वाढले म्हणून दुधाळ झालं होतं. जुन्या चकत्या गळून राहिल्या होत्या.” ती खूप रडली. मग नाक पुसत, बाटली उजेडात धरून पुटपुटली, “एका झटक्यात टाकलास, ते सोसलं नाही. थोडा थोडा टाकला असता तर... हेही पाहा लागंल.”

तिनं गोव्याला आपल्या गाईड मॅडमना फोन लावला, स्पीकरवर. “मॅडम, वाण गेला. माझं दुर्लक्ष झालं.”

“नाही मॅडम,” दुर्गेश मधेच बोलला. “चुना मी टाकलो. तिले काही बोलू नका.”

“आपण कोण?”

दुर्गेशनं कोण म्हणून सांगावं? मासोळीवाला? गाडीतली ओळख? रेणूनं त्याचा पडलेला चेहरा पाहिला.

“मॅडम, हा दुर्गेश. मी याच्याशी लग्न करणार आहे.”

“बरं,” मॅडम सावकाश म्हणाल्या. “आणि नवा नमुना?”

“तो आणायला पुढच्या बोटीवर मीच जाते.”

फोन बंद होताच दुर्गेश म्हणाला, “वाण मारलो मी तुहा, अन् तू लग्न करीन म्हणून राहिली?”

“गप्प बसला असतास तर मले कळलंच नसतं. चुकीचंच कारण खरं धरून बसली असती मी. मले खरं सांगणारा पाहिजे.” तिनं मान वर केली. “आता तू सांग. हाव का नाही?”

“हाव,” दुर्गेश म्हणाला. मग धीर करून त्यानं तिचा हात धरला, आणि तिनं तो सोडवून घेतला नाही.