दीर्घिकेची पाठ

बर्फ पडून गेलं की ॲटलासच्या डोंगरातली सकाळ लख्ख असते. वेधशाळेच्या खोलीत तिलेल्लीने किटलीत पुदिना सारला, भाकरीला बदामाचं वाटण फासलं आणि दुर्बिणीने रात्री टिपलेली छायाचित्रं उघडली. सहा कोटी प्रकाशवर्षं दूरची ती दीर्घिका तिला तोंडपाठ होती. मधोमध ताऱ्यांचा आडवा, पिवळसर दांडा. त्याच्या दोन्ही टोकांपासून वळत गेलेल्या निळ्या भुजा, त्यांच्यावर नव्या ताऱ्यांचे गुलाबी ठिपके. त्या दांड्याची फिरकी मोजण्यात तिने उमेदीची सगळी वर्षं घातली होती.

आज भुजा उलट्या दिशेने वळल्या होत्या.

"चित्र पालथं लावलंस, बाईसाहेब," तिचा सहकारी इद्दर मागून म्हणाला. "हे बाहेर पाठवलंस तर जन्मभर चिडवतील."

"आजूबाजूचे तारे बघ."

त्याने पाहिलं. आपल्याच आकाशगंगेतले, अलीकडचे तारे जिथल्या तिथे होते. एकटी दीर्घिका पालटली होती. जणू हे दोघं तिच्या पाठीमागे जाऊन उभे होते.

इद्दरच्या हातातला घास हातातच राहिला.

"एका रात्रीत?"

"तेच तर. ती तिरकी आहे, इद्दर. पलीकडच्या काठाचा उजेड अलीकडच्यापेक्षा हजारो वर्षं उशिरा पोचतो. सगळी एकदम वळलेली दिसायची, तर पलीकडच्या ताऱ्यांनी हजारो वर्षं आधी वळायला हवं."

"म्हणजे?"

"म्हणजे कुठून बघितलं जाणार, ते तेव्हाच ठाऊक असायला हवं. इथून. अन् तेव्हा माणूस जन्मलाही नव्हता."

तिला भीती वाटली नाही. एवढं अफाट काहीतरी आपल्यासाठी कुशीवर वळलं, या विचाराने ती पडद्याच्या आणखी जवळ सरकली.

इद्दरला ते पटेना. "कॅमेराच बिघडलाय," म्हणत त्याने दुपारी कॅमेरा काटकोनात फिरवून बसवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं पडद्यासमोर बसले.

तारे काटकोनात फिरले होते. अगदी हवे तसे.

दांडा आडवाच होता. कॅमेऱ्यापाठोपाठ दीर्घिकाही वळली होती.

नीट बघावं म्हणून इद्दर मान तिरकी करू लागला.

तिलेल्लीने दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरलं.

"नको," ती पुटपुटली. "सरळच बस."