भरल्या बाजारातला चकवा

रंगुबाई नगरला निघाली ती काही हौसेनं नाही. लेक मिशनच्या दवाखान्यात बाळंत झाली होती. मुलगी झाली, ती धडधाकट होती. पण बाळंतिणीच्या अंगातला ताप काही उतरत नव्हता. गावचा गहिनीनाथ बाजाराला गेला होता, तो तिला बघून आला आणि ओट्यावर टेकायच्या आधीच म्हणाला, "रंगूआत्या, उद्याच्या उद्या नगर गाठ. पोरगी सारखी दाराकडं बघती. म्या सांगून आलोय तितं, उद्याच्याला हिची आई येती म्हनून. पर ध्यानात ठिव, दिवेलागणीला फाटक लावत्यात. मग सकाळपातुर कोनाला आत सोडीत न्हाईत."

"आनि काय म्हनली पुष्पा?"

"म्हनली, आईला म्हनावं, एकटीच ये."

रंगुबाईला त्यात काही वावगं वाटलं नाही. बरोबर चार बायका आल्या की रडारड करतात, म्हणून म्हणत असेल बिचारी. तिचा नवरा लढाईवर गेलेला, सासरी म्हणावं असं माणूस नाही. एक आई तेवढी होती. रंगुबाईनं रातोरात डिंकाचे लाडू वळले, दुधातली मऊ भाकरी थापली, सगळं धडप्यात बांधलं आणि सकाळी नेवाशाच्या वाटेला लागली.

त्या दिवसांत पेट्रोल सगळं पलटणीच्या पोटात जायचं आणि मोटारी कोळशाच्या गॅसवर खोकत चालायच्या. चढ आला की उतारूंनी खाली उतरून ढकलायचं. अशी ढकलत ढकलत मोटार नगरला पोचली तेव्हा उन्हं चांगली कलली होती. जन्मात नेवाशाच्या पुढं न गेलेल्या रंगुबाईनं ती गर्दी पाहिली आणि धडपं घट्ट धरलं. सायकली, हातगाड्या, कापडाचे तागे डोक्यावर घेतलेले हमाल, पलटणीचे हिरवे ट्रक. माणसाला माणूस घासत होतं, पण ओळखीचा एक चेहरा नव्हता. उतारूंच्या लोंढ्याबरोबर ती बाहेर पडली आणि दवाखान्याचं नाव सांगून समोर दिसेल त्या टांग्यात बसली.

टांगा वेशीपाशी, पालथं घंगाळ टांगलेल्या एका तांबटाच्या दुकानासमोर येऊन अडला. पुढं ट्रकांची रांगच रांग.

"मावशे, पलटनीनं रस्ता आडवलाय," टांगेवाला म्हणाला. "उतर हितंच. ही गल्ली धर आनि सरळ जा. पुढं दवाखानाच हाय."

शहरातल्या माणसाचं 'सरळ' आणि खेड्यातलं 'सरळ' यांत जमीनअस्मानाचा फरक. गावाकडं सरळ म्हणजे नाकासमोर. इथं ती गल्ली सरळ निघाली, एका पिंपळाला वळसा घालून डावीकडं गेली, मग तिला फाटे फुटले. रंगुबाई विचारत विचारत चालली. लोक हात करायचे, "हे काय, इथंच." आणि ती चालत राहायची. बऱ्याच वेळानं गल्ली संपली आणि समोर तीच वेस. तोच तांबट आणि त्याच्या दुकानावर टांगलेलं तेच पालथं घंगाळ.

चुकलं असेल, असं म्हणून तिनं दुसरी गल्ली धरली. अत्तरवाले, कासार, पिंजारी. कापसाचे तंतू नाकातोंडात गेले. ती जवळजवळ पळतच होती. बाहेर पडली तर पुन्हा वेस, पुन्हा घंगाळ. तांबटाची हातोडी ठक ठक चालली होती. त्यानं मान वर करून तिच्याकडं पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

तिसऱ्यांदा तसंच झालं, तेव्हा तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. हा चकवा होता.

चकवा तिला ठाऊक होता. गावाकडं माळावर, अवसेच्या आगेमागे, जाणत्या माणसालासुद्धा चकवा लागायचा. रात्रभर चालायचं आणि उजाडताना आपल्याच बांधावर उभं असायचं. पण तो माळावरचा, निर्जन जागेतला. भर बाजारात, दिवसाउजेडी, इतक्या माणसांत चकवा लागतो हे तिनं कधी ऐकलं नव्हतं. तरी तिला खात्रीच वाटली. इतकी माणसं असून एकालाही आपलं काही पडलेलं नाही, म्हणजे हा माळच की!

त्यावरचा उतारा सासूनं शिकवला होता. खाली बसायचं. वहाणा उलटसुलट करायच्या, डावी उजव्या पायात, उजवी डाव्यात. कोणी नावानं हाक मारली तर ओ द्यायची नाही. घाई करील त्याच्याबरोबर जायचं नाही. आणि वाट दाखवायला आलेल्याचे आधी पाय बघायचे. ते उलटे नसले तरच त्याच्या मागं जायचं.

रंगुबाई वेशीच्या दगडाला टेकून बसली आणि वहाणा बदलू लागली. दोन कॉलेजची पोरं तिच्याकडं बघून फिदीफिदी हसली.

"रंगुबाई! अहो, तुम्ही रंगुबाई ना? पुष्पावतीची आई?"

तिच्या हातातली वहाण गळून पडली. समोर एक बाई उभी होती. पांढरंशुभ्र पातळ, धापा टाकत होती. पायात काळे बूट आणि वर पांढरे मोजे. पायाचं बोटसुद्धा दिसत नव्हतं.

"मी दीना, दवाखान्यातली नर्स. मोटारीपाशी किती शोधलं तुम्हाला! चला मावशी, लवकर चला... वेळ नाहीये."

नावानं हाक. वर घाई. रंगुबाई दगडाला आणखी चिकटली.

"पाय दाखीव," ती म्हणाली.

"काय?"

"बूट काढ. पाय दाखीव मला."

"मावशी, इथं? रस्त्यात? अहो, तिकडं पुष्पा..." दीनानं तिच्या डोळ्यांत पाहिलं. काय दिसलं कोण जाणे, पण ती वाद घालत बसली नाही. "बरं, काढते. पण मग याल ना?" असं म्हणून ती बिचारी खरोखरच भर रस्त्यात खाली वाकली आणि बुटाचा बंद सोडू लागली.

ती वाकली तेवढी फट रंगुबाईला पुरली. धडपं छातीशी धरून ती ट्रकांच्या मधून पलीकडं पळाली.

पलीकडं रंगाऱ्यांची गल्ली होती. नुकतीच कोणीतरी निळीची कढई ओतली होती, फरशीवरून निळं पाणी वाहत होतं. तिथं पुढं एक बाई चालली होती. हिरवं कोरं लुगडं, घडीसुद्धा न मोडलेलं, डोक्यावरून पदर, हात बांगड्यांनी भरलेले. अनवाणी. रंगुबाईनं आधी पाय पाहिले. टाचा मागं, बोटं पुढं. भेगाळलेल्या, कष्टाच्या, आपल्याकडच्या टाचा. सरळ पाय!

"माय, मिशनचा दवाखाना कुटं गं?"

बाईनं मागं न बघता हात पुढं केला आणि चालू लागली. ना नाव विचारलं, ना घाई केली. रंगुबाईचा जीव भांड्यात पडला. कोणीतरी आपलं माणूस भेटलं, असं तिला मनापासून वाटलं.

ती बाई निळ्या पाण्यातून गेली, रंगुबाई कडेच्या कोरड्या फरशीवरून तिच्या मागं. गल्ल्यांमागून गल्ल्या गेल्या, पण वेस काही पुन्हा आली नाही. बाजाराचा गलबला हळूहळू मागं पडला. एका वळणावर कुत्री भांडत होती, ती एकदम गप्प झाली आणि भिंतीला लागून बसली. रंगुबाईच्या ध्यानात आलं, की बाईच्या हातभर बांगड्या वाजत नाहीत... आणि तिच्या अंगाला वास येतोय. हळदीचा, आणि त्याखाली ओल्या राखेचा. पण पाय सरळ होते. रंगुबाई त्या पायांवरची नजर काढत नव्हती.

दिवेलागण होत आली. चिमण्यांचा कलकलाट ऐकू आला, फिनेलचा वास आला, आणि समोर दवाखान्याचं मागचं दार. पलीकडं लांबलचक खोली, ओळीनं खाटा. कोणीतरी कंदील लावत होतं.

बाई उंबऱ्याशी थांबली. पाहुणी थांबते तशी, अंग चोरून, खाली मान घालून.

रंगुबाईचा ऊर भरून आला. दारापर्यंत आलेल्या माणसाला बाहेरच्या बाहेर वाटेला लावायची तिच्या घरची रीत नव्हती.

"आत ये की, माय," ती म्हणाली. "हितवर आनलंस मला. माज्या लेकीला तरी बघून जा."

आणि रंगुबाई आत गेली.

कोपऱ्यातल्या खाटेपाशी दीना उभी होती. तिच्या एका बुटाचा बंद अजून सुटलेलाच होता. रंगुबाईला पाहून तिनं तोंडावर हात घेतला. खाटेवर चादर डोक्यापर्यंत ओढलेली होती.

"आत्ताच..." दीना म्हणाली. "आत्ता, कंदील लावायच्या वेळेला. दुपारभर जीव धरून होती हो. माझ्याबरोबर आला असतात तर..." तिनं सुटलेल्या बंदाकडं पाहिलं. "मी बूट काढतच होते, मावशी."

रंगुबाईच्या काखेतलं धडपं सुटलं आणि लाडू खाटेखाली गडगडत गेले. तिनं चादर दूर केली. लेकीचा चेहरा अजून ऊन होता आणि मान दाराकडं वळलेली होती. रंगुबाईनं त्या गालाला गाल लावला आणि असा हंबरडा फोडला, की आख्ख्या खोलीतल्या बायका उठून बसल्या.

"काय म्हनली गं... शेवटाला काय म्हनली?"

"तेच. आईला म्हणावं, एकटीच ये... एकटीच ये."

रंगुबाईचं रडणं थांबलं. तिनं वळून दाराकडं पाहिलं. तिथं कोणी नव्हतं. पण धुतलेल्या फरशीवर उंबऱ्यापासून ओली निळी पावलं उमटली होती. एकाच बाईची, अनवाणी. ती आत आली होती. खाटेजवळून पुढं गेली होती. कोपऱ्यातल्या पाळण्यापाशी पोचली होती. तिथून परतीचं पाऊल नव्हतं.

पाळण्यात नात शांत झोपली होती.

रंगुबाई तिला घेऊन गावी आली. दुसरं होतं कोण तिला! बाप लढाईवरून आलाच नाही. शेळीच्या दुधावर पोर वाढली, अंगानं भरली. गहिनीनाथ म्हणतो, "आत्या, लई गुनाची नात हाय तुजी. रडत न्हाई, पडत न्हाई." खरंच आहे ते. रोज अंघोळ घालताना रंगुबाई तिचे पाय आधी बघते. सरळ आहेत. आता त्याचा तिला काही दिलासा वाटत नाही.

पोर चालायला लागली त्या दिवसापासूनची गोष्ट. दिवसभर अंगणात दुडदुडते, पण दिवे लागले की उंबऱ्याशी येऊन थांबते. अंग चोरून, खाली मान घालून. उचलून आत घेतली, तर पुन्हा बाहेर जाऊन तिथंच उभी राहते. हट्ट नाही, भोकाड नाही. नुसती वाट बघते. हातातल्या काचेच्या बांगड्या वाजत नाहीत.

एकदा रंगुबाईनं मनाचा दगड केला आणि चुलीकडं तोंड करून गप्प बसून राहिली. बाहेर अंधार दाटला, कुत्री गप्प झाली, हळदीचा वास घरात आला. तरी पोर उभीच. शेवटी रक्ताची नात ती, एवढीशी, थंडीत...

तेव्हापासून रोज दिवेलागणीला रंगुबाई दिवा लावते, पदरानं डोळे पुसते आणि दाराकडं न बघता म्हणते, "आत ये की, माय."