फोटोखालची ओळ

सरका, चुलीजवळ बसा. धुकं उठल्याशिवाय तुमची लाँच काही सुटायची नाही. तोवर सांगतो.

ऑक्टोबरातली गोष्ट. घरातली लाकडं संपली होती, म्हणून सकाळीच उतारावरच्या वखारीत गेलो. वखार बार्रियाची. नवरा मागे लाकडं फोडतो आणि त्याची बायको इदुविना पुढे बसून मोबाइल बघते. मला पाहून ती हसली.

"काय आर्तेमिओकाका, आता स्वतःच फोटोत शिरलात होय?"

"कुठल्या फोटोत?"

"कालच्या हो. मियारायच्या पेजवरच्या. छान उभे आहात, पण पाठमोरे कशाला?"

मी हसल्यासारखं केलं. मोळी खांद्यावर घेतली आणि चढ चढायला लागलो. वाटेत दोनदा थांबलो. दम लागला होता असं नाही. तो फोटो मीच टाकला होता, आणि त्यात माझ्या मुलीच्या खेळातल्या बाईशिवाय कुणीही नव्हतं.

तुम्हाला आधी मियाचं सांगायला हवं.

मी एकतीस वर्षं इथे आमच्या आचाओ गावच्या रेडिओवर निरोप वाचत होतो. तेव्हा बाहेरच्या बेटांवर फोन नव्हते. लोक माझ्याकडे येऊन काय काय सांगायचे, रडायचे, भांडायचे, आणि मी त्याच्या दोन ओळी करायचो. 'माताओच्या सेलेदोनियाबाईंना निरोप: दोनातोचं ऑपरेशन झालं. बरा आहे. शनिवारी धक्क्यावर घोडा आणा.' एक शब्द जास्त झाला की माणूस घाबरायचा, एक कमी पडला की चुकीच्या धक्क्यावर जाऊन भिजायचा.

मियाराय आमची एकुलती एक. लांबच्या एका बेटावर दवाखान्यात नर्स होती. दर शुक्रवारी लाँचने घरी यायची. संध्याकाळी तिथे करायला काही नसायचं, म्हणून एक खेळ खेळायची. भलामोठा ओसाड मुलूख, आणि त्यात पिवळा रेनकोट घातलेली एक बाई. लोक त्यात लढाया करतात म्हणे. मिया नुसती भटकायची आणि आवडेल त्या जागेचा स्क्रीनशॉट काढून पेजवर टाकायची. कुणी ढुंकून बघत नव्हतं.

"बाबा, खाली काय लिहू रे?" एकदा तिने विचारलं.

"तू काय लिहिलंयस?"

"'सुंदर सूर्यास्त'."

"अगं, तो दिसतोच आहे. आंधळ्यांना दाखवतेस का? दिसतं ते लिहू नये. समोरच्याला उत्तर द्यावंसं वाटेल असं लिही."

"मग तूच लिही, मोठा आलायस!"

फोटोत तुटका झुलता पूल होता. मी लिहिलं, 'पहिलं पाऊल कोण टाकणार?' सकाळपर्यंत तीनशे उत्तरं. मिया अनवाणी स्वयंपाकघरात नाचली. तेव्हापासून फोटो तिचा आणि ओळ माझी. तिकडून रोज संध्याकाळी फोटो यायचा, इकडून मी ओळ पाठवायचो. असं चार वर्षं चाललं. एकोणीस हजार लोक झाले. त्यांना वाटायचं, हे सगळं एकच माणूस करतं. मिया म्हणायची, "मग, एकच तर आहे."

ऑगस्टमध्ये तिची लाँच खाडीत उलटली. दोघांना जिवंत काढलं. मियाची बॅग सापडली. मिया नाही. शवपेटीत एर्मिंदाने, माझ्या बायकोने, तिचा लोकरी स्वेटर घडी करून ठेवला आणि आम्ही तेवढंच पुरलं.

माझ्याकडे तिचे एकसष्ट फोटो उरले होते, ओळ न लिहिलेले. सप्टेंबरपासून मी ते एकेक टाकायला लागलो. मिया गेल्याचं मी तिथे कुणाला सांगितलं नाही. इथल्यांना माहीत होतं, पण कुणी तिथे बोललं नाही. लोक तिला उत्तरं देत होते. उत्तरं येतायत तोवर माणूस आहे, अशी मी मनाची समजूत घातली होती.

तर त्या दिवशी वखारीतून आल्यावर मोळी दारातच टाकली आणि टॅब्लेट उघडला. करडा किनारा, समोर पाणी, पाठमोरी पिवळी बाई. खाली माझी ओळ: 'पलीकडे जायला होडी कुठे मिळेल?' त्याखाली उत्तरं.

'शेजारचे आजोबा वल्हवतील की!'

'आज तिला सोबत आहे, बरं वाटलं.'

'हा म्हातारा खेळात कुठे भेटतो?'

मी काच पुसली. चष्मा पुसला. एकटी बाई होती.

"एर्मिंदा, जरा इकडे ये..."

ती बटाटे किसत होती. तशाच ओल्या हातांनी आली.

"यात किती माणसं आहेत?"

"दोन," ती हळूच म्हणाली. "तुझा तपकिरी कोट आहे... उजवा खांदा पडलाय, तुझा पडतो तसा..." मग एकदम, "बंद कर ते!"

मी बंद केलं नाही. कसं करणार? माझी मुलगी कुठेतरी उभी होती आणि मी तिच्याजवळ होतो. सगळ्या जगाला ते दिसत होतं. मलाच दिसत नव्हतं.

मी रोज फोटो टाकत गेलो. मला बघता येत नव्हतं, म्हणून लोकांना विचारायला लागलो. निरोप लिहून सगळा जन्म गेला, विचारायचं कसं ते मला कळत होतं. 'ही दोघं काय बोलत असतील?' असं लिहिलं. उत्तरं आली, 'बोलत नाहीत. ती त्याच्याकडे बघतही नाही.' 'तिला पुढे जायचंय बहुतेक.' मग मेक्सिकोतल्या कुणा बाईने लिहिलं, 'त्याने तिची बाही घट्ट धरली आहे. बिचारी भिजतेय. सोडत का नाही हा?'

ते वाचलं आणि मी टेबलावर डोकं टेकलं. एर्मिंदाने मागून येऊन वाचलं.

"सोड तिला, आर्तेमिओ."

"नाही सोडता येत."

"का?"

तेव्हा सांगितलं. तीन महिने पोटात ठेवलं होतं ते. त्या सकाळी मियाने मला लिहिलं होतं, 'बाबा, धुकं फार आहे. उद्या येऊ का?' आणि मी, शब्द मोजून देणारा माणूस, गंमत म्हणून लिहिलं, 'धुकं काय खातंय का? नाकासमोर बघ आणि ये.' ओळ मला फार आवडली होती. तिने हसरा चेहरा पाठवला आणि लाँचमध्ये बसली.

एर्मिंदा दाराकडे वळली. चुलीवर किटली वाजत होती, ती कुणी उतरवली नाही. मला वाटलं, आता ही घर सोडून जाईल.

"तिने मलाही विचारलं होतं," ती दारातूनच म्हणाली. "म्हणाली, बाबा ये म्हणतोय. मी म्हटलं, ये, बटाट्याचे मिल्काओ केलेत, गरम खाशील."

मिया गेल्यापासून आम्ही दोघं वेगवेगळ्या खोल्यांत रडत होतो. त्या दिवशी एकत्र रडलो.

रविवारी दुपारी आम्ही दोघांनी मिळून एक फोटो निवडला. तोच किनारा, थोडा पुढचा, आणि तीच पाठमोरी पिवळी बाई. ओळ मी लिहिली, एर्मिंदाने वाचली, एक शब्द खोडायला लावला. प्रश्न नव्हता त्यात. 'मियारायला निरोप: इथे दोघं बरे आहेत. थांबू नकोस. पुढे जा.'

तासभर एकही उत्तर आलं नाही. असं कधी झालं नव्हतं. मग पहिलं आलं.

'मुलगी कुठे गेली?'

'किनाऱ्यावर म्हातारा एकटाच आहे.'

मी एर्मिंदाकडे पाहिलं. तिने फोटो पाहिला, ॲप्रनने तोंड पुसलं आणि म्हणाली, "गेली." मला दगड दिसत होते, पाणी दिसत होतं. पिवळा ठिपकासुद्धा नव्हता. छातीवरचं ओझं उतरलं म्हणावं, तर उतरलेल्या जागी भोक पडलं होतं.

त्यानंतर मी पेजवर काहीच टाकलेलं नाही. पण त्या शेवटच्या फोटोखाली उत्तरं येतच राहिली. फोटो तोच, मी हातही लावलेला नाही. दहाएक दिवसांनी कुणीतरी लिहिलं, 'हा पाठमोरा होता ना? आता बाजूने दिसतोय.' मग दुसऱ्याने, 'जवळ आलाय का जरा?' आणि गेल्या मंगळवारी, 'आज त्याने तोंड इकडे वळवलं.'

मी टॅब्लेट एर्मिंदासमोर धरला. मला तर नुसते दगडच दिसत होते.

"चेहरा माझाच आहे ना गं?" मी विचारलं.

तिने बराच वेळ फोटोकडे पाहिलं. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. परत फोटोकडे. परत माझ्याकडे...

"त्यातला तूच आहेस," ती म्हणाली, आणि माझ्यापासून एक पाऊल मागे सरकली.