टॅकेटांच्या घरातलं काचेचं भांडं

"डेप्युटी, तो घरात येऊन गेलाय!" फोनवर व्हर्लीनचे दात वाजत होते.

शेरीफची डेप्युटी नेटी क्वार्ल्स पोहोचली, तेव्हा व्हर्लीन अंगणातल्या ट्रकमध्ये दारं लॉक करून बसली होती. ऑगस्टचं टेक्सासचं ऊन, आणि काचा बंद. भीतीला कुठलं आलंय डोकं!

"कोण येऊन गेला?"

"रॉइस. कोर्टात गेलीस तर बघून घेईन, म्हणाला होता."

रॉइस टॅकेट आणि ती कित्येक वर्षं एका छपराखाली राहत होती. लग्नाचा कागद नव्हता. इथं त्यावाचून अडत नाही. आपण नवरा-बायको असं ठरवून एकत्र राहिलं, चारचौघांत तसं मिरवलं, की लग्न झालं. मोडायला मात्र रीतसर घटस्फोट लागतो. आता वेगळा झालेला रॉइस म्हणत होता, लग्नच नाही तर घटस्फोट कसला? घटस्फोट नाही तर वाटणीही नाही, म्हणजे व्हर्लीनने अंगावरच्या कपड्यांनिशी घर सोडायचं.

"चोरीला काय गेलं?"

"ओव्हनचं काचेचं भांडं. बस्स."

कुलूप शाबूत. टीव्ही जागेवर, बंदूकही. फ्रिजमध्ये कालचे बीन्स एका वाडग्यात काढलेले, वर फॉइल. धुऊन, हाताने सपाट केलेली जुनी फॉइल.

"हे तू झाकलंस?"

"मी फॉइल आणतच नाही. बीन्स त्या भांड्यातच होते." ती मागे सरकली. "विष घातलं असेल का हो?"

"भांड्याच्या बुडाला नावाची पट्टी होती?"

चर्चच्या जेवणाला नाव न चिकटवता भांडं पाठवलं, तर ते परत येत नाही, हे गावात कोण जाणत नाही?

"'मिस्टर आणि मिसेस टॅकेट'. रॉइसच्याच अक्षरात. रविवारी सगळ्यांसमोर मी म्हणाले, हेच कोर्टात दाखवणार."

नेटीने फोन लावला. रॉइस आठवडाभर समुद्रात, तेलाच्या रिगवर होता. मुकादमाने त्यालाच फोन दिला.

व्हर्लीनचा चेहरा आणखीच उतरला. "मग घरात शिरलं कोण?"

"चल माझ्याबरोबर."

रॉइसची आई ओपलीन पलीकडच्या रस्त्यावर राहायची. तिच्या सिंकच्या कडेला धुतलेली फॉइल वाळत होती.

"मिस ओपलीन, भांडं कुठंय?"

"कसलं भांडं, पोरी?"

"चोराने बीन्स कचऱ्यात ओतले असते. तुमच्याच्याने अन्न टाकवलं नाही. फॉइल तुमची, आणि कुलूप न तोडता उघडायला मुलाच्या घराची किल्लीही तुमच्याकडे. पट्टीचं तुम्ही चर्चमध्ये ऐकलंत."

 म्हातारीची हनुवटी वर गेली.

"पट्टी जाळली! आता दाखव म्हणावं कोर्टाला!"

व्हर्लीन मटकन खुर्चीत बसली. तिचा एकमेव पुरावा गेला होता.

"घरफोडीचा गुन्हा आहे हा," नेटी म्हणाली.

"घरफोडी?" ओपलीन कडाडली. "माझ्या सख्ख्या सुनेच्या घरात जायला मला तुझी परवानगी लागते?"

 ओपलीनचा हात तोंडाकडे गेला, पण उशीर झाला होता.

"कोण म्हणालात?" नेटीने शांतपणे विचारलं. "हेच जज्जसमोर शपथेवर सांगावं लागेल."

व्हर्लीनला रडू फुटलं.

"म्हणजे लग्न झालं होतं माझं," ती म्हणाली. "आता मोडता येईल."