कार्बोरेटरखालची शिट्टी

"चारला क्रेन येणार आणि पावणेचार वाजलेत!" ताई गॅरेजमध्ये येरझारा घालत होती.

आजोबांची जुनी गाडी आज भंगारात निघाली होती. आठवड्यापूर्वीपर्यंत ठणठणीत होती बरं का! आता मात्र सुरू केली की थरथरायची, आचके द्यायची आणि बंद पडायची. मेकॅनिकने हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरचे स्क्रू पिळपिळ पिळले आणि हात वर केले. "इंजिनच गेलंय!" काकांनी लगेच मान डोलावली. मोठ्या माणसांचं बरं असतं, मान डोलावली की डोकं चालवायला नको! आजोबा पायरीवर बसून गाडीची किल्ली पुसत होते. ताई, चष्मिस आणि ढब्बू ही तीन पोरं मात्र अजून इंजिनाभोवती घुटमळत होती.

"चोक ओढला की ही शहाण्यासारखी चालते," चष्मिस म्हणाला. "आत ढकलला की पुन्हा आचके."

"मग काय झालं?" ढब्बूने विचारलं.

"अरे, चोक ओढला की हवा कमी होते, पेट्रोल वाढतं. म्हणजे एरवी हिला हवाच जास्त होतेय. कुठून तरी चोरून शिरतेय!"

इतक्यात फाटकाशी हॉर्न वाजला. क्रेन आली!

"आजोबा, एकदाच सुरू करा ना!" ताई रडकुंडीला आली.

आजोबा उठून गाडीत बसले. अर्धाच चोक ओढून त्यांनी किल्ली फिरवली, तशी गाडी धडधडली आणि आचके देऊ लागली. ढब्बूने रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं आणि दुसरं इंजिनावरून फिरवायला सुरुवात केली.

"पंख्यापासून लांब राहा!" ताई ओरडली.

"कसला पोरखेळ चाललाय?" काका वैतागले. क्रेनवाला साखळी घेऊन आत आला.

"थांबा! इथे शिट्टी वाजतेय!" ढब्बू ओरडला.

कार्बोरेटरच्या खाली एक छोटीशी नळी उघडीच होती! ढब्बूने तिच्यावर अंगठा दाबला. अंगठा आत ओढला गेला आणि आचके थांबले! इंजिन एका लयीत चालू लागलं.

"इथलं टोपण कुठे गेलं?" चष्मिसने विचारलं.

काकांचा चेहरा उतरला. "ते काळं, कळकट रबर? गेल्या आठवड्यात गाडीच्या फोटोसाठी इंजिन चकाचक केलं ना, त्यात ते अगदीच विद्रूप दिसत होतं. मीच काढून फेकलं."

"आणि मी इंजिन गेलं म्हणालो!" कोपऱ्यात अवजारं आवरणाऱ्या मेकॅनिकने कपाळावर हात मारला. "पोरांनो, मानलं तुम्हाला!" त्याने खोक्यातून नवं टोपण शोधून घट्ट बसवलं.

आजोबांनी चोक पूर्ण आत ढकलला. गाडी जराही अडखळली नाही. त्यांचे डोळे भरून आले.

"बसा रे माझ्या वाघांनो!" मग त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "अहो क्रेनवाले, तुमची क्रेन जरा बाजूला घ्या. आम्हाला फिरायला जायचंय!"