ज्ञानूचं साल

उंब्रजजवळच्या आमच्या गावात चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. पहिल्या महायुद्धावर गेलेल्यांची. गेल्या जानेवारीत ती तडकली आणि सरपंच शिवतेजने नवी करायची ठरवली. प्रत्येक नावापुढे मृत्यूचं साल हवं होतं. माझे पणजोबा ज्ञानू त्यातलेच. मी सांगलीत जुने मोडी कागद वाचून देते, म्हणून त्याने मलाच फोन केला. “मायाताई, तुमच्या पणज्याचं साल तेवढं तुमीच काढा.”

एका दिवसाचं काम, असं वाटलं होतं.

आधी लष्करी कागदाची नक्कल आली. ज्ञानू खंडू, बसऱ्याच्या इस्पितळात मृत्यू, १९१६, वय बावीस. मग तालुक्याला जाऊन गावचं मृत्यूचं जुनं रजिस्टर पाहिलं. ज्ञानू खंडू, १९१८, तापाने, राहत्या घरी. खबर देणार बायको, साळूबाई. वय बावीस.

अशा कागदांत चुका असतात, वय तर अंदाजानेच घालत. पण माझे आजोबा, म्हणजे ज्ञानूचा मुलगा, जन्मले १९२१ साली. त्यांना शाळेत घालताना बापाचा म्हणून उमटवलेल्या अंगठ्याखाली नाव ज्ञानूचंच होतं.

शनिवारी गावी गेले. आई गेल्यापासून आबा, माझे वडील, तिथे एकटेच असतात. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. कागद न वाचताच त्यांनी परत केले.

“कशाला उकरतीस? घाल की कुठलं बी साल.”

“आबा, तुम्ही त्यांना पाहिलंय?”

“बघितलंय म्हंजे? खांद्यावर बसवून पालीच्या जत्रंला न्यायचा मला.”

“पण तेव्हा ते म्हातारे असतील.”

“त्यो कुठं म्हातारा हुता!” आबा हसले. “माझा बाप शेजारी बसला, की बापच थोरला वाटायचा.”

मग एकदम चहाचे कप उचलून आत गेले.

परतीच्या एसटीत मी हिशेब लावत होते. ज्ञानू मेला असेल, दुसराच कोणी तरणा माणूस त्याच्या नावाने घरात आला असेल, साळूबाईने त्याला ठेवून घेतलं असेल. एवढंच असेल. खात्री करायला एकच माणूस उरला होता, आमच्या घराण्याचा हेळवी. हे लोक पिढ्यान्‌पिढ्या वंशावळी लिहून ठेवतात आणि दर काही वर्षांनी दारात येऊन नवी नावं चढवतात.

आमचा हेळवी बिराप्पा तासगावजवळ एका बेदाणा शेडच्या सावलीत उतरला होता. भर दुपार. हवेला द्राक्षं वाळतानाचा आंबूस गोड वास होता. त्याने वही उघडली, खापरपणजोबांपासून नावं वाचली. सगळी बरोबर.

ज्ञानूच्या नावापुढे मृत्यूची जागा कोरी होती.

“हे राहिलंय का?”

“राहिलं न्हाई, अक्का. जित्या माणसाचं कसं घालू?”

“कोण म्हणालं जिवंत आहे?”

“तीन वर्सामागं तुमच्या दारात आलो तवा घरातल्याच एका पोरानं नावं सांगितली. तुमचं बी त्यानंच सांगितलं. मी इचारलं, ज्ञानूचं काय लिहू? म्हणला, ऱ्हाऊ दे तसंच.”

“केवढा होता?”

“असंल वीस-बावीसचा.”

आमच्या घरात त्या वयाचं कोणी नाही.

“दुसरं कोणी नव्हतं घरात?”

“हुतं की. एक म्हातारं हुतं.” बिराप्पाने वही बांधली. “निजलं हुतं. त्या पोरानं त्याचं डोस्कं मांडीवर घेतलेलं. माझ्याशी बोलताना बी थोपटत हुता.”

संध्याकाळी सांगलीला पोचल्यावर मी आबांना फोन लावला.

“घावलं का काय?” त्यांनी विचारलं.

“नाही,” मी म्हणाले.

“बरं झालं.”

फोन बंद करायला त्यांना नेहमी वेळ लागतो. बटण सापडत नाही. मी कानाला लावूनच होते. आबा हळू आवाजात कोणाला तरी म्हणाले, “न्हाई कळलं तिला.”