लेम्पीचं अर्धवट काम

आर्वोचा फोन आला तेव्हा आयली वेलदोड्याचा पाव ओव्हनमधून बाहेर काढत होती.

"अगं, तो कॉम्प्युटर पार गळाठलाय," आर्वो म्हणाला. "बटण दाबून कुत्र्याला फिरवून आणतो, तरी तो आपला विचारातच."

"कधीपासून?"

"बर्फ सुरू झालं तेव्हापासून. आमची डॉना म्हणते, फेकून द्या बाबा आणि नवा घ्या."

"मग घे की."

फोनवर गप्प राहण्याची आर्वोला कधीच लाज वाटली नाही. "तू ये तर खरी," तो शेवटी म्हणाला. "शनिवारच आहे, सॉना पेटवलाय. आणि पाव आण."

आयलीची सगळी नोकरी शाळेच्या कॉम्प्युटरच्या खोलीत गेली होती. निवृत्त झाल्यावर वाटलं होतं, सुटले. पण गावातल्या निम्म्या घरांची यंत्रं तिच्याच गळ्यात पडली. तांब्याच्या खाणी बंद झाल्यापासून या गावात तरुण माणूस म्हणून टिकत नव्हता, आणि म्हाताऱ्यांना तर रोज काहीतरी अडायचंच. आर्वो मात्र घरचाच. तिच्या थोरल्या बहिणीचा, लेम्पीचा नवरा. लेम्पीला जाऊन आता वर्ष होत आलं होतं.

ती पोचली तेव्हा दुपारच अजून पुरती उतरली नव्हती, पण तळ्यावरून आलेल्या ढगांनी उजेड खाऊन टाकला होता. परसात सॉना होता, तापल्या दगडांवर पाणी टाकून वाफ घ्यायची लाकडी खोली; त्याच्या धुराड्यातून धूर सरळ वर चालला होता. बर्फातून घरापासून सॉनापर्यंत आर्वोने वाट उकरून ठेवली होती, दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढी रुंद. एकट्या माणसाला एवढी वाट कशाला हवी, हे त्याला विचारायची आयलीला इच्छा झाली नाही.

कॉम्प्युटर स्वयंपाकघरामागच्या खोलीत होता. लेम्पीने मुद्दाम टेबल खिडकीशी लावून घेतलं होतं. मान वर केली की समोर सॉनाचं दार. तिथे बसून ती लिहायची. लहानपणचं लिहायची, खाणकामगारांच्या चाळीतलं, आईबापाचं. लिहिता लिहिता अडली की आयलीला फोन. "आपल्या पलंगावरची ती गोधडी कुठल्या रंगाची होती गं?" "बाबांचा डबा कोण नेऊन द्यायचं, तू की मी?" तेव्हा आयली वैतागायची. आता शनिवारी दुपारी फोन वाजला नाही की तिला कुठे बसावं, काय करावं ते कळत नसे. त्या घरातलं आठवणारी दोनच माणसं उरली होती, त्यातलं एक गेलं. आणि जे लिहिलं ते कोणी पाहिलंच नव्हतं.

कारण लेम्पी लिहिलेलं जतन करत नसे. आयलीने हजारदा बजावलं होतं. "सगळं झालं की एकदाच ठेवीन," लेम्पी म्हणायची. "कच्चं कोण उतरवून ठेवतं?" वीज गेली, लिहिलेलं गेलं, की ती हसून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

"काय बिघडलंय ते सांगशील की नुसतीच बसशील?" आर्वो कॉफी घेऊन दारात उभा होता.

"बसले तरी आहे का? खुर्चीवर तुझी टोपी, तुझा स्वेटर, आणि खाली मुस्ती."

टेबलाखाली, जिथे लेम्पीचे पाय असायचे तिथे, म्हातारा कुत्रा अंग मुडपून झोपला होता. आयलीने त्याला न हलवता पेटी उघडली. आत कुत्र्याच्या केसांचा लोकरीसारखा थर. तिने ब्रशने तो काढला, पंखा पुसला, पेटी बंद केली. मग व्हायरस शोधायचा प्रोग्रॅम लावला आणि दोघं पाव खात बसली.

सापडलं ते नेहमीचंच. फुकट कूपनं वाटणारे दोन उपटसुंभ आणि कॉम्प्युटर साफ करून देतो म्हणून घरात शिरलेला एक लबाड प्रोग्रॅम.

"हे कुठून आणलंस?"

"त्यांनी विचारलं, हवंय का. मी हो म्हटलं."

"कोणीही विचारलं की तू हो म्हणतोस?"

"माझं लग्न तसंच झालं," आर्वो म्हणाला आणि पावाचा दुसरा तुकडा घेतला.

आयली हसली. कचरा काढून टाकला, पुन्हा शोध घेतला; आता सगळं स्वच्छ होतं. तरीही बाण पडद्यावर चिखलातून चालल्यासारखा सरकत होता. तिने मेमरी कोण खातंय ते पाहिलं. आर्वोचं वर्तमानपत्र उघडं होतं, बर्फाचा अंदाज उघडा होता, बाकी काही नाही. त्यांना लागत होती मूठभर मेमरी आणि संपली होती जवळजवळ सगळी. जेवणारा एक आणि पातेलं रिकामं, असा प्रकार होता.

तिने कोपऱ्यातल्या आर्वोच्या चित्रावर बाण नेला. खाली या यंत्रावरचं दुसरं नाव उघडलं. लेम्पी. नावाखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'लॉग इन आहे'.

"हे बघ," आयली म्हणाली. तिला हायसं वाटलं. "हिने जाताना स्वतःचं खातं बंदच केलेलं नाही. तिचं सगळं आत तसंच उघडं आहे, म्हणून तुझं अडतंय."

आर्वोने चष्मा पुसून पडद्याकडे पाहिलं. "गेल्या शुक्रवारी रात्रभर वीज नव्हती," तो म्हणाला. "उन्हाळ्यात तर मी तो उचलून कपाटात ठेवला होता, खोलीला रंग दिला तेव्हा."

वीज गेली की सगळेच आपापल्या खात्यातून बाहेर पडतात, हे तिने शाळेतल्या पोरांना वर्षानुवर्षं शिकवलं होतं.

बाहेरून कोणीतरी घुसलं असणार. लेम्पीचा पासवर्ड चोरून कुठला तरी भामटा दूर बसून हे यंत्र वापरत असणार. तिने इंटरनेटची वायर उपटून टेबलावर ठेवली.

काही फरक पडला नाही. यंत्र किती काम करतंय ते दाखवणारी रेघ पडद्यावर चालू होती. चोराचं यंत्र सतत राबवलं जातं, रेघ वर चढते आणि वरच राहते. ही तशी नव्हती. ती थोडी उसळायची, पुन्हा थोडी, मग खाली येऊन निवांत पडायची. बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा छोट्या छोट्या उसळ्या.

आयली बघत राहिली. लेम्पी दोन बोटांनी टाइप करायची. चार शब्द झाले की थांबून सॉनाच्या धुराकडे बघत बसायची. मग पुन्हा चार शब्द.

"काय गं?" आर्वोने विचारलं.

"काही नाही. बंद करून बाहेरून तपासते." तिने आपली छोटी पेन ड्राइव्ह लावली आणि यंत्र पुन्हा सुरू करायची आज्ञा दिली. पडद्यावर निळी चौकट आली.

'हा संगणक अजून कोणीतरी वापरत आहे. आता बंद केल्यास त्यांचं जतन न केलेलं काम नाहीसं होईल.'

ही चौकट आयलीने शाळेत रोज पाहिली होती. 'तरीही बंद करा' वर तिचं बोट सवयीने गेलंच होतं. आर्वोने तिचं मनगट धरलं. चाळीस वर्षांत त्याने तिच्या हाताला हात लावल्याचं तिला आठवत नव्हतं.

"काम," तो म्हणाला. "तिचं काम."

"आर्वो, ते तसं नसतं."

"मग कसं असतं?"

तिने 'रद्द करा' दाबलं. मेमरी थेंबाथेंबाने आणखी भरत होती. आत जे काही होतं ते वाढत होतं, आणि आयलीला ते वाचायचं होतं. गोधडीचा रंग, बाबांचा डबा, लेम्पीचा आवाज. इतकं काही तिला आयुष्यात हवंसं वाटलं नव्हतं. यंत्र दुरुस्त करायचं तर ते पुसावं लागणार होतं.

"तुझ्या खात्यातून तिचा पासवर्ड बदलता येईल का बघते," ती म्हणाली, आणि लगेच तिच्या लक्षात आलं. "नाही येणार. मालकीण तीच आहे. तू नुसता वापरणारा."

"ते घरातही तसंच होतं," आर्वो म्हणाला.

मग पासवर्ड ओळखणं एवढंच हातात राहिलं. आयलीने लेम्पीच्या नावावर बोट ठेवलं. कुत्र्याचं नाव झालं, लेकीचं, डॉनाचं झालं, आईचं माहेरचं नाव झालं. यंत्राने नकार दिला आणि खाली लेम्पीने कधीतरी स्वतःसाठी लिहून ठेवलेली खूण दाखवली. 'आर्वो नेहमी विचारतो तेच.'

"काय विचारायचास तू नेहमी?"

आर्वो लाजला. "माझा चष्मा कुठाय?"

तो नव्हता. जेवायला काय आहे, तेही नव्हतं. बर्फ पडेल का, मोजे कुठे ठेवलेस, कोणाचा फोन होता, काहीच चाललं नाही. आर्वोचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "विचारायला कोणी नसलं," तो म्हणाला, "की आपण काय विचारत होतो तेही जातं बघ." तो उठला. "दगड तापले असतील. लाकूड घालून येतो."

तो मागच्या दाराशी गेला, अंगात कोट चढवला, दार उघडलं. गार हवा आत आली. आयलीला त्याची पाठ दिसत होती. उंबऱ्यावर एक पाय ठेवून त्याने मान मागे वळवली, या खोलीकडे, आणि तोंड उघडलं. मग तसाच थांबला.

गेल्या हिवाळ्यातल्या त्या शनिवारीही तो असाच वळला होता, हे सगळ्या घराला माहीत होतं. त्याने हाक मारली, लेम्पी "आलेच" म्हणाली, आणि खरंच आली. सॉनाच्या बाहेरच्या खोलीत स्वेटर काढायला बाकावर बसली ती पुन्हा उठलीच नाही. आतली वाफ तिला मिळाली नाही. तेव्हापासून आर्वो वाफ घेऊन निघताना दगडांवर शेवटचं पाणी टाकायचा, खुंटीवर तिचा टॉवेल अडकवायचा आणि दार ओढून घ्यायचा. शेवटची वाफ गेलेल्या माणसांची. आयलीची आजी तसंच करायची, आईही करायची. यावर विश्वास आहे का, असं कोणी कोणाला विचारत नसे.

आर्वो बुटांसकट खोलीत आला. "सरक," तो म्हणाला.

"आठवलं?"

त्याने मान डोलावली आणि की-बोर्ड पुढे ओढला. जाड बोटाने एकेक अक्षर शोधत तो टाइप करू लागला. ठिपक्यांमुळे काही दिसत नव्हतं, पण त्याचे ओठ हलत होते आणि ते आयलीला वाचता आले.

येतेस का?

शेवटचं बटण दाबायच्या आधी तो थांबला. "मी हाक मारली की ती काम टाकून यायची," तो म्हणाला. "कटकट करत. पण यायची."

"आर्वो, हे बरोबर असलं तर तिचं पान उघडेल. आपल्याला वाचता येईल. तेवढंच होईल."

"हो," आर्वो म्हणाला. त्याला ते पटलं नव्हतं. "तुला वाचायचं होतं ना गं? मला माफ कर." आणि त्याने बटण दाबलं.

पान उघडलं नाही. लेम्पीच्या नावाखाली पांढऱ्या अक्षरांत शब्द आले.

'बाहेर पडत आहे.'

पंख्याचा आवाज उतरत गेला आणि थांबला. टेबलाखाली मुस्ती उठून बसला.

आयलीने आर्वोचं खातं उघडलं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच ते उघडलं, वर्तमानपत्रासकट. मेमरी रिकामी. लेम्पीच्या नावाखाली आता काहीच लिहिलेलं नव्हतं. ते पान गेलं होतं, गोधडी आणि डबा सगळं घेऊन, आणि आयलीला भर दुपारी लहान पोरीसारखं रडू आलं.

आर्वोने तिच्या खांद्यावर थोपटलं. मग खुंटीवरून दोन टॉवेल घेतले आणि निघाला. त्या रुंद वाटेवर तो मधोमध चालला नाही. एका कडेने चालला.

आयलीने डोळे पुसून खिडकी थोडी वर केली. तिला त्याला हाक मारायची होती, काय म्हणून ते ठरलं नव्हतं.

तेवढ्यात सॉनातून दगडांवर पाणी पडल्याचा आवाज आला.

आर्वो अख्खी पळी एकदम ओतायचा. हे पाणी जरा जरा पडत होतं, पावावर साखर भुरभुरावी तसं. चर्र. थोडं थांबून पुन्हा चर्र. आईने दोघी बहिणींना तसंच शिकवलं होतं.

आर्वो अजून सॉनाबाहेरच्या पायरीवर बसून बुटाची नाडी सोडत होता. त्याने मान वर केली नाही.

"आलो गं," तो दाराकडे बघून म्हणाला. "पाच मिनिटं."